रफाराला जागा

शाळेच्या संपादक मंडळाचे पत्र आले. ‘सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायातील स्फूर्तीस्थानाविषयी लिहावे’ असे त्यात होते. स्फूर्तिस्थानात वेलांटी पहिली हवी, हे आधी डोळ्यांत खुपले आणि मग पत्रातला मजकूर डोक्यात शिरला. (मंडळाने रागावू नये, मराठीच्या बाईंनी लावलेली खोड आहे ती.) पण त्या शब्दाकडे बघत बराच वेळ बसले. मी ग्राफिक डिझायनर झाले ती याच शब्दामुळे, तो एकदा माझ्या हातून अर्धवट कापला गेला म्हणून.

नववीत होते. त्या वर्षीच्या हस्तलिखित अंकाचा विषय होता ‘स्फूर्ती’. माझे अक्षर बरे, म्हणून मुखपृष्ठ माझ्याकडे आले. मी कार्डशीटवर तो एकच शब्द पोस्टर कलरने काढला, मावेल तेवढा मोठा. रफार तर अगदी ऐटीत, तुऱ्यासारखा, कागदाच्या वरच्या काठाला टेकवलेला. अंक बांधणीला गेला. बाइंडरने पुठ्ठा चढवला, रीतीप्रमाणे तिन्ही बाजूंनी कडा कापून सारख्या केल्या आणि अंक परत आला तेव्हा त्यावर लिहिले होते ‘स्फूती’. वेलांटीच्या डोक्यावरून पाते सरळ फिरले होते. वर्गातल्या दोघी-तिघी मला अजूनही स्फूती म्हणतात. त्या हे वाचतीलच.

मी बाइंडरवर खापर फोडायच्या तयारीत चित्रकलेच्या सरांकडे गेले. सरांनी अंक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘‘रफार त्याने कापला नाही गं. तूच त्याला काठावर उभा केला होतास.’’ मग चौकटीचा कागद आणि काळी शाई पुढे ठेवून म्हणाले, ‘‘आता अक्षरे काढायची नाहीत. अक्षरांच्या भोवतीची आणि पोटातली जागा काळी करायची. उरेल तो शब्द.’’

दोन तास आणि एक रविवार त्यात गेला. पहिल्यांदा नुसता वैताग. मग हळूहळू दिसायला लागले. ‘फ’च्या पोटातली जागा वाटते तेवढी मोठी नसते. ‘स’ अर्धा होताना आपला दंड सोडून देतो, तेव्हा मधली फट किती ठेवायची हे ठरवावे लागते. ती जास्त झाली तर ‘स्’ पोरका दिसतो, कमी झाली तर दोघांचे डबके होते. ऊकार ओळीच्या खाली लोंबतो, वेलांटी ओळीच्या वर जाते आणि तिच्याही वर रफार. म्हणजे या एका शब्दाला तीन मजले लागतात. शिरोरेषेखालची अक्षरे काय ती मी मोजली होती, बाकीचे दोन मजले हिशेबातच धरले नव्हते. शेवटी आणखी एक गोष्ट दिसली, ती सरांनी सांगितली नव्हती. या शब्दाचे वजन डावीकडे खाली आहे आणि उजवीकडे तो वर निघतो. ऊकारापासून रफारापर्यंत तिरकी रेघ ओढता येते. अर्थ आणि आकार असे एका दिशेला जाताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. सरांना दाखवले. ते ‘हं’ म्हणाले आणि कागद फळ्याशेजारी टाचणीने लावून टाकला.

नवे मुखपृष्ठ मी केले, शब्द लहान आणि खाली घेऊन. जुने सरांनी मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवले. ग्रंथालयात तो अंक अजून असेल तर जरूर पाहा.

पुढे डिझाइन शिकताना जगातल्या नावाजलेल्या टाइपांची, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणांची, ओळख झाली. हेल्व्हेटिका १९५७ची, टाइम्स न्यू रोमन १९३२मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकासाठी वापरात आलेला, वगैरे. परीक्षेपुरते पाठ केले, मनाला भिडले मात्र वेगळेच. मॅथ्यू कार्टर यांनी अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांसाठी १९७८मध्ये ‘बेल सेंटेनियल’ नावाचा टाइप केला. बारीक अक्षर, हलका कागद, वेगात चालणारे छपाईयंत्र. शाई पसरून अक्षरांचे सांधे बुजायचे. कार्टर यांनी सांध्यासांध्यांत खाचा ठेवल्या. मोठ्या आकारात पाहिले तर अक्षरे उंदराने कुरतडल्यासारखी दिसतात. छापल्यावर शाई त्या खाचांत शिरते आणि अक्षर स्वच्छ उठते. मला एकदम आमच्या बाइंडरचे पाते आठवले. कार्टर यांनी शाई काय करणार हे आधीच ओळखून तिच्यासाठी जागा सोडली होती. मी पात्यासाठी सोडली नव्हती.

तेव्हापासून मी अक्षरांत सौंदर्य शोधत नाही, अडचण शोधते. लोक विचारतात, कल्पना सुचत नसल्या की काय पाहतेस? त्यांना वाटते, मी परदेशी पोस्टरांचे जाडजूड ग्रंथ चाळत असेन. तेही कधी चाळते, पण त्यातून बहुधा दुसऱ्याचीच कल्पना हाती लागते. मी पाहते ती जागा संपत आलेली पाटी, जिच्यावर रंगाऱ्याने शेवटची दोन अक्षरे अंग चोरून बसवलेली असतात. शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेले जुने पुस्तक पाहते. त्यात अनुस्वार आणि रफार मधूनच उडालेले दिसतात, कारण खिळ्याच्या अंगाबाहेर आलेला तो नाजूक भाग दाबाखाली मोडायचा. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तके हाती आली की मात्र अडचण विसरून नुसते बघत राहावे लागते. राणोजी आरू यांनी त्या टाइपांसाठी पोलादावर एकेक अक्षर उलटे कोरले होते. बोरूचे वळण त्यांनी पोलादात कसे आणले असेल, हा विचार करून मी कामाचे कितीतरी तास वाया घालवले आहेत. वाया हा शब्द हिशेबनिसाचा.

देवनागरीत काम करणाऱ्याला अडचणींचा तुटवडा पडत नाही. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, आपली वरच्या रेषेला टांगलेली. दोन्ही शेजारी ठेवून एकाच मापात लावली की बहुतेक वेळा देवनागरी बारीक दिसते. ‘‘अक्षरे जरा सुटी करा’’ असे ग्राहक सहज सांगून जातो. रोमनमध्ये ते चालते, इथे शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरे एकमेकांशी भांडल्यासारखी दिसतात. रफाराचे तर विचारूच नका. उच्चारात र आधी, त नंतर. लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. संगणकाच्या स्मृतीत ‘स्फूर्ती’ म्हणजे युनिकोडचे आठ संकेत. त्यात रफार नावाचा संकेतच नाही, फक्त र आणि हलन्त. त्याला उचलून वेलांटीवर नेऊन ठेवायचे काम फॉन्टचे. आणि हाच र डोक्यावर न जाता अक्षराला चिकटून राहिला तर आचार्यांचा सत्कार आचाऱ्यांचा होतो, हे मुद्रितशोधकांना वेगळे सांगायला नको.

पहिल्या वेलांटीची गंमत आणखी वेगळी. ती अक्षराच्या आधी उभी राहून वरून कमान टाकते. ‘रि’वर आखूड कमान पुरते, ‘ष्टि’वर ती लांब लागते. आजचे चांगले देवनागरी फॉन्ट तिची कमी-जास्त रुंदीची अनेक रूपे सोबत ठेवतात. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास माइन्झमध्ये बायबल छापताना असेच केले होते. ओळी दोन्हीकडे सारख्या भराव्यात म्हणून त्याने एकाच अक्षराचे रुंद-अरुंद खिळे ओतून घेतले होते. हे कळले तेव्हा मला त्याच्याबद्दल आदरापेक्षा सहानुभूतीच जास्त वाटली.

गेल्या वर्षी एका मोबाइल अ‍ॅपचे मराठी रूप तपासायला आले. सगळे पडदे नीटनेटके. शेवटच्या पडद्यावर खाली बटण होते, ‘अटी व शती’. मी दोनदा वाचले. शब्द बरोबरच टंकलेला होता, पण ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेली आणि बटणाने आपल्या चौकटीबाहेरचे सगळे छाटून टाकलेले. वेलांटीच्या डोक्यावरून सरळ रेघ! एवढ्या वर्षांनी तेच पाते, आता काचेआड. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, फॉन्ट थोडा लहान करू?’’ मी म्हटले, ‘‘फॉन्ट नको, बटण उंच कर.’’ मग त्याला चौकटीचा कागद आणायला सांगितले. तो नव्हताच त्यांच्याकडे, पाठकोऱ्या कागदावर काम भागवले. मुलाने अर्ध्या तासात ‘शर्ती’भोवतीची जागा काळी केली आणि म्हणाला, ‘‘हे वर इतके असते होय!’’ मी ‘हं’ म्हणाले.

संपादक मंडळाने लेखाबरोबर स्मरणिकेचे मुखपृष्ठही मागितले आहे. ते वेगळ्या पाकिटात पाठवते. ‘सुवर्णमहोत्सव’मधला रफार वरच्या काठापासून बारा मिलिमीटर खाली आहे, कापायची रेघ पेन्सिलीने आखून दिली आहे. तरीही बांधणीच्या दिवशी कोणीतरी बाइंडरजवळ उभे राहावे, ही विनंती. शक्य असेल तर मीच येईन.