तिसरी खेप अकरा दिवस अडकली होती

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी, पुन्हा १.०४०. काल तेवढंच, परवा तेवढंच. एअरलॉकमध्ये (पिंपातला वायू बाहेर सोडणाऱ्या बुचात) बुडबुडा नाही, वर फेस नाही, आणि यीस्ट तळाशी निपचित. मक्याच्या व्हिस्कीची ही माझी तिसरी खेप. पहिल्या दोन्ही आठवड्याच्या आत १.००० च्या आसपास, म्हणजे साखर संपेपर्यंत, उतरल्या होत्या. ही तिसऱ्या दिवशी थांबली आणि पुढचे अकरा दिवस हलली नाही. त्या अकरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

बहुतेक देशांत परवान्याशिवाय घरी दारू गाळणं गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती मोकळीक आहे. मी राहतो तिथेही ती आहे, पण तुमच्याकडचा कायदा आधी बघा.

गाळून झाल्यावर बॉयलरमध्ये जे तपकिरी पाणी उरतं त्याला बॅकसेट म्हणतात. मद्यार्क निघून गेलेला असतो, पण आम्लं, खनिजं, मेलेल्या यीस्टमधलं पोषण आणि धान्याचा भाजका वास त्यात शिल्लक असतो. ते पुढच्या खेपेत घालायचं. बर्बन या अमेरिकन मक्याच्या व्हिस्कीवाल्यांची 'सावर मॅश' (आंबट मॅश; मॅश म्हणजे गरम पाण्यात कालवलेलं धान्य) पद्धत ती हीच. केंटकीत १८३० च्या दशकात जेम्स क्रो या स्कॉटिश माणसाने ती मोजूनमापून बसवली असं मानलं जातं. जमैकाच्या रममध्ये यालाच डंडर म्हणतात. लोक याला विरजण समजतात, पण तसं ते नाही. उकळलेल्या पाण्यात यीस्ट जिवंत राहत नाही, त्यामुळे नवीन यीस्ट घालावंच लागतं. बॅकसेटचं काम आंबटपणाचं. त्याने नको ते जिवाणू दबतात आणि एका खेपेची चव पुढच्या खेपेत जाते.

दुसऱ्या खेपेत मी पाव भाग बॅकसेट घातलं होतं आणि चव इतकी भरली होती की तिसऱ्यात सरळ अर्धं घातलं. चूक तिथेच झाली. पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

आधी वाटलं गारठा असेल. पिंपाला ब्लँकेट गुंडाळलं. मग वाटलं यीस्ट जुनं. नवं पाकीट वरून भुरभुरवलं, तेही दोन दिवसांत खाली बसलं. मग यीस्टचं खाद्य घातलं. ज्याला विचारावं तो म्हणे, थांब, होईल. पीएचच्या (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) पट्ट्या होत्या, पण या पाण्यात बुडवली की पट्टी तपकिरीच होते. तीन आहे की चार, शपथेवर सांगता येत नाही. मी दर वेळी स्वतःला चार सांगत राहिलो. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे आंबटपणात दहापट फरक, हे मला माहीत होतं. तरीही मीटर आणायला चालढकल केली.

अकराव्या दिवशी मीटर आणला. चार आणि सातच्या द्रावणात कॅलिब्रेट करून बुडवला तर ३.२! साडेतीनच्या खाली यीस्ट धापा टाकतं. मी त्याला अकरा दिवस आम्लात बसवून वर खायला घालत होतो.

उपाय साधा निघाला: आम्ल मारायला खाण्यायोग्य कॅल्शियम कार्बोनेटची पूड. पण पहिला चमचा मी थेट टाकला आणि फेस उसळून पिंपाच्या काठावरून जमिनीवर आला. कर्बवायू आत विरघळलेला असतोच, त्यात पुडीचा वायू मिळतो. मगभर वॉश (पिंपातला आंबणारा द्रव) बाजूला काढायचा, त्यात पूड कालवायची, आणि हळूहळू परत ओतायचं. दर वेळी ढवळून, थांबून मोजायचं. मी ४.५ वर थांबलो. मग नवं यीस्ट कोमट साखरपाण्यात जागं केलं, त्यात दर अर्ध्या तासाने पळीभर वॉश घालून त्याला सवय लावली आणि संध्याकाळी पिंपात सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच एअरलॉकचा टक्‌टक्‌ आवाज आला. मी बराच वेळ तिथे नुसता उभा होतो.

सहा दिवसांत खेप १.००२ वर आली.

तेव्हा बॅकसेट वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर नेऊ नका. आणि पीएच यीस्ट घालण्याआधी मोजा, अडकल्यावर नाही. पाचच्या आसपास सुरुवात चांगली. मी बॅकसेट आता स्टार्चची साखर होऊन गेल्यावरच घालतो, कारण फार आंबट मॅशमध्ये माल्टची (मोड आलेल्या धान्याची) एन्झाइमं नीट काम करत नाहीत. बॅकसेट गरम असताना यीस्टजवळ नेऊ नका.

हे राहिलंच: बॉयलर घट्ट बंद ठेवून गार होऊ देऊ नका. आत निर्वात होऊन पातळ पत्रा चेपतो. बॅकसेटला हिरवट झाक दिसली तर त्यात तांबं उतरलंय, ते सरळ ओतून द्या. लगेच वापरायचं नसेल तर डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर चार दिवसांत बुरशी धरते. माझ्या डब्यांवर आता तारीख आणि पीएच दोन्ही लिहिलेलं असतं. या खेपेचं ३.६ आहे, आणि चौथ्या खेपेसाठी मी त्यातलं पाव भागच काढून ठेवलंय.