कचऱ्याचे पैसे कुणी भरले?

जर्मनीत राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी कचऱ्यावर एक व्याख्यान देतं. पिवळ्या पिशवीत प्लॅस्टिक, तिकडच्या डब्यात कागद, तो ओल्या कचऱ्याचा, बाकी सगळं काळ्या डब्यात. ऐकायला सोपं आहे. पण त्यातलं पहिलंच कलम चुकीचं आहे. पिवळी पिशवी प्लॅस्टिकसाठी नाहीच.

ती आहे पॅकिंगसाठी. शाम्पूची रिकामी बाटली त्यात जाते, पण तडा गेलेली प्लॅस्टिकची बादली किंवा मोडकं खेळणं जात नाही. उलट पत्र्याचा डबा, दुधाचं खोकं, चॉकलेटची चांदी हे सगळं खुशाल टाकावं. आम्ही राहतो त्या फ्रायबुर्गमध्ये तरी असं आहे. काही शहरांत पॅकिंग आणि इतर प्लॅस्टिक एकाच डब्यात चालतं. हा प्रकार मला बरेच दिवस शुद्ध तऱ्हेवाईकपणा वाटायचा. मग त्यामागचा हिशोब समजला. 1991 साली जर्मनीत नियम झाला की पॅकिंग बाजारात आणणाऱ्यानेच ते परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यायची. तेव्हापासून कंपन्या पॅकिंगचं वजन आणि प्रकार पाहून त्यासाठी पैसे मोजतात, आणि अर्थातच ते आपल्याकडून वसूल करतात. म्हणजे शाम्पूच्या बाटलीची विल्हेवाट आपण शाम्पू घेतानाच विकत घेतलेली असते. बादलीसाठी असे पैसे कुणी भरलेले नसतात, म्हणून तिला पिवळ्या पिशवीत जागा नाही. तिला महापालिकेच्या कचरा केंद्रावर न्यायचं किंवा काळ्या डब्यात टाकायचं.

हे एकदा डोक्यात बसलं की फ्रिजवर चिकटवलेला तक्ता काढून टाकता येतो. हातातल्या वस्तूबद्दल एवढंच विचारायचं, हिचे पैसे कुणी भरले?

दह्याचा डबा घ्या. इथे अनेक कंपन्यांच्या दह्याचा डबा पातळ प्लॅस्टिकचा असतो, त्याला बळकटी यावी म्हणून बाहेरून पुठ्ठ्याचं कडं आणि वर अॅल्युमिनियमचं झाकण. शेजारच्या आजी चमचा खाली ठेवल्या ठेवल्या पुठ्ठ्यावरची टोचलेली रेघ नखाने उकलून ते कडं सोलतात आणि कागदात टाकतात. झाकण पूर्ण ओढून वेगळं करतात. झाकण आणि डबा दोन्ही जायचे एकाच पिशवीत, मग वेगळे कशाला? कारण पुढे यंत्र निवडतं. प्लॅस्टिकचे प्रकार इन्फ्रारेड किरणांनी ओळखले जातात, अॅल्युमिनियम दुसऱ्या यंत्राने बाजूला उडवलं जातं. दोन्ही एकमेकांना चिकटून आले तर यंत्राची फसगत होते. काजळीच्या रंगाचं काळं प्लॅस्टिक तर त्या किरणांना दिसतच नाही, ते बहुधा भट्टीतच जातं. एरवीही पिवळ्या पिशवीतला बराच माल शेवटी जाळला जातो, हे इथले लोक कबूल करतात, पण जरा हळू आवाजात.

डबा धुवायची मात्र गरज नाही. चमच्याने निपटून घेतला की पुरे. आपल्याकडच्या सवयीने तो साबण लावून घासणारे मराठी लोक मी पाहिलेत; आजींना ते पाणी वाया घालवणं वाटतं.

बाटल्यांचा हिशोब तर उघडच पैशांचा आहे. पाण्याची किंवा सरबताची प्लॅस्टिकची बाटली, बिअरचा कॅन, अशा एकदाच वापरायच्या बहुतेक गोष्टींवर 25 सेंट अनामत घेतात. ही पद्धत 2003 साली आली आणि पुढे एकेक पेय त्यात वाढत गेलं. सुपरमार्केटमधल्या यंत्राच्या तोंडात बाटली सरकवायची, ते बारकोड वाचतं, आत चुरगळल्याचा आवाज येतो आणि शेवटी पावती मिळते. घरी बाटली चेपून ठेवू नये, बारकोड मोडला की यंत्र ती परत ढकलतं. कुणाला 25 सेंटसाठी खेप नको असेल तर तो बाटली रस्त्यावरच्या कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी ठेवतो. ज्याला त्या पैशांची गरज आहे त्याने घाणीत हात घालू नये म्हणून. श्रीमंत देशात बाटल्या वेचून चार पैसे मिळवणारी म्हातारी माणसं आहेत, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

अनामत नसलेली काच, म्हणजे लोणच्याच्या बरण्या वगैरे, रस्त्याकडेच्या टाक्यांत रंगाप्रमाणे टाकायची. निळी काच हिरव्यात, कारण हिरव्या काचेत दुसरा रंग थोडाफार खपतो. रविवारी काच फोडून आवाज केलात तर लोक बोलतात.

राहिला ओला कचरा. पालेभाज्या निवडणाऱ्या घरात तो भरपूर निघतो. 2015 पासून तो देशभर वेगळा गोळा करणं बंधनकारक आहे. फ्रायबुर्गमध्ये तो आधी बंद टाकीत कुजवून गॅस काढतात आणि मग खत करतात. आत जायची मनाई आहे ती प्लॅस्टिकच्या पिशवीला, आणि बऱ्याच शहरांत ‘विघटनशील’ लिहिलेल्या पिशवीलाही. ती प्रकल्पातल्या वेळापत्रकात कुजत नाही, आणि तिथल्या सरकत्या पट्ट्यावर ती साध्या पिशवीसारखीच दिसते. त्यापेक्षा वर्तमानपत्राची पुडी करावी. उन्हाळ्यात ती ओल शोषते आणि अळ्या कमी होतात. जानेवारीत सगळं गोठून डब्याच्या तळाला चिकटतं तेव्हा पुडीमुळे निदान सुटून तरी येतं.

मे 2025 पासून ओल्या कचऱ्यातल्या प्लॅस्टिकवर नियम आणखी कडक झालेत. भेसळ असलेला डबा सफाई कर्मचारी चिठ्ठी लावून तसाच सोडून जाऊ शकतात. मग तो उरलेल्या कचऱ्यात धरून वेगळा उचलायला सांगावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात. काळ्या डब्याचा आकार वाढला तर शुल्कही वाढतंच. एकट्याचं घर असेल तर प्रश्न नाही. आमच्यासारख्या इमारतीत मात्र डबा सामाईक आणि बिलही सामाईक, त्यामुळे कुणा एकाच्या पिशवीचा भुर्दंड सगळ्यांना बसतो. गेल्या महिन्यात जिन्यात एक कागद लागला होता, पिशवीचा फोटो आणि खाली तीन उद्गारचिन्हं. पहिल्या मजल्यावरच्यांनी डब्याला कुलूप लावायची सूचना केली आहे. किल्ल्या कुणी करून घ्यायच्या आणि त्यांचा खर्च कुणी भरायचा, यावर अजून एकमत झालेलं नाही.