खिळ्याशेजारची अंगठी

हरवलेले दागिने मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने शोधून देणे हा माझा व्यवसाय आहे. बहुतेक कामे सरळ असतात. वस्तू कोठे पडली याचा साधारण अंदाज असतो, जमीन स्वच्छ असते आणि हेडफोनमध्ये हवा तो आवाज लवकरच मिळतो. येथे सांगतो आहे ते काम तसे नव्हते. दोन बहिणींनी मला एका विस्तीर्ण मैदानावर बोलावले होते, जेथे काही महिन्यांपूर्वी थोरलीच्या बोटातून अंगठी निसटली होती. त्यांच्या आईने 18 कॅरट सोन्याच्या, अगदी एकसारख्या दोन अंगठ्या दोघींसाठी घडवून घेतल्या होत्या, आणि आता आई नसल्यामुळे त्या अंगठीला दुसरा पर्याय नव्हता. मैदानावर वर्षानुवर्षे मेळावे भरत आले होते. त्यामुळे मातीत फॉइलचे कपटे, पेयांचे डबे उघडताना ओढायच्या ॲल्युमिनियमच्या कड्या, बाटल्यांची पत्र्याची बुचे आणि तंबूंचे खिळे ठायी ठायी गाडलेले होते.

‘‘सोन्याचा आवाज कसा असतो?’’ असे धाकटीने विचारले, तेव्हा मी तिला खरे ते सांगितले, की सोन्याचा असा स्वतंत्र आवाज नसतो. डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, वाटेत धातू असल्यास त्यात गोल फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र दुसऱ्या कॉइलपर्यंत परत येताना त्यात जो फरक पडलेला असतो, त्यावरून यंत्र आवाजाची पट्टी ठरवते. चांदीचे किंवा तांब्याचे नाणे उंच आणि स्वच्छ वाजते, तर लोखंड चुंबकीय असल्यामुळे खालच्या पट्टीत घोगरे वाजते. सोन्याची अंगठी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. शुद्ध सोन्याची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे 70 टक्के असते, परंतु 18 कॅरटमध्ये चौथा हिस्सा इतर धातूंचा असतो आणि या मिश्रणामुळे वाहकता फार खाली येते. त्यात वस्तूही लहान. परिणामी डब्याची कडी आणि अंगठी यंत्राच्या पडद्यावर पुष्कळदा एकच आकडा दाखवतात. वस्तूचे मोल आवाजातून कळत नाही. वस्तू केवढी आहे, अखंड आहे की फाटलेली, गोल आहे की वेडीवाकडी, एवढे मात्र लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकते, आणि माझा सारा भर त्यावर असतो.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी मी धाकटीची अंगठी मागून घेतली. जमिनीचा एक लहानसा भाग तपासून निर्धातू करून घेतला, तेथे ती अंगठी आधी गवतावर, मग मातीखाली ठेवली, आणि चारही बाजूंनी कॉइल फिरवून तिचा आवाज कानात बसवला. कॉइल डावीकडून उजवीकडे जावो की उजवीकडून डावीकडे, आवाज आखूड, भरीव आणि दोन्ही कडांना नेमका तुटणारा होता, व पडद्यावरील आकडा जवळजवळ हलत नव्हता. नंतर त्याच मैदानातून काढलेला फॉइलचा कपटा तेथे ठेवला, तेव्हा आवाजाच्या कडा खरखरीत झाल्या आणि दर फेरीला आकडा बदलू लागला. दुमडलेल्या जिभेसकट पडलेली कडी एका दिशेने अंगठीसारखी वाजली, पण दिशा बदलताच तिचा आवाज लांबट झाला. जीभ गळून पडलेली, गुळगुळीत कडी मात्र अंगठीपासून वेगळी काढता आली नाही. अशी प्रत्येक कडी खणूनच पाहावी लागणार होती. थोरलीला मी एकच प्रश्न विचारला: अंगठीला कोठे चीर किंवा सुटलेला सांधा होता का? अंगठीचा आवाज इतका भरीव येतो तो वेढा बंद असल्यामुळे, कारण प्रवाह त्या वेढ्यातून अखंड फिरतो. वेढा तुटला की तीच अंगठी एखाद्या बारीक तुकड्यासारखी क्षीण वाजते. बारीक साखळ्या शोधणे अवघड जाते तेही याच कारणाने. तिची अंगठी अखंड होती.

दोऱ्या बांधून मी मैदानाचे पट्टे पाडले. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची यंत्रातील सोय, वाढवून कचऱ्याचे आवाज बंद करण्याचा मोह अशा जागी कोणालाही होईल. परंतु फॉइल आणि कड्या गप्प केल्या की त्याच पट्टीत वाजणारी अंगठीही गप्प होते. मी सगळे आवाज चालू ठेवले. कॉइल वर उचलल्यावरही जो आवाज कमी होत नव्हता, तो मातीत दबलेल्या अख्ख्या डब्याचा होता व तो मी सोडून दिला. बुचे मात्र फसवी असतात, कारण पत्रा लोखंडी असूनही सपाट व गोल असल्यामुळे तो वरच्या पट्टीत वाजतो. कॉइलची केवळ कड त्याच्यावरून नेली, की खालचा घोगरा सूर उघडा पडतो. नाण्यांसारखे उंच आवाज ऐकू आले तेथे मी नुसत्या खुंट्या रोवल्या, कारण ते माझे काम नव्हते आणि जमीन दुसऱ्याची होती. ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. 1992 मध्ये इंग्लंडमधील हॉक्सन येथे एरिक लॉज हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत असताना त्यांना रोमन काळातील सोन्याचांदीच्या नाण्यांचा मोठा साठा लागला. त्यांनी खणणे थांबवून कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो साठा जमिनीत जसा होता तसा अभ्यासता आला.

दुपार उलटल्यावर आम्ही जेथे पूर्वी तंबू ठोकले जात त्या बाजूला आलो. तेथे खिळ्यांमुळे हेडफोनमध्ये घोगरा सूर जवळजवळ अखंड चालू होता. लोखंडाच्या सान्निध्यात दुसरा धातू ऐकणे ही या विद्येतील सर्वांत जुनी अडचण आहे. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच यंत्र रुग्णशय्येपाशी आणले होते, तेव्हा गादीतील पोलादी स्प्रिंगांनी त्यांच्या कामात व्यत्यय आणला आणि गोळी सापडली नाही.

अशाच एका घोगऱ्या सुराच्या टोकाला मला मधल्या पट्टीतील अगदी लहान टिपका ऐकू आला. तो एकाच दिशेने येत होता आणि पडद्यावर आकडा लोखंडाचा होता. खिळा आडवा असला तर त्याच्या टोकांपाशीही असा खोटा वरचा सूर निघतो, म्हणून मी त्या जागेभोवती काटकोनात फिरून पुन्हा ऐकले. खिळ्याचा खोटा सूर आपण दिशा बदलली की जागा सोडतो किंवा नाहीसा होतो. हा टिपका जागच्या जागी राहिला, इतकेच नव्हे, तर थोडा ठळक झाला. मी लहान कॉइल बसवली, म्हणजे एका वेळी कमी जमीन तिच्याखाली यावी, यंत्राची सेन्सिटिव्हिटी (संवेदनशीलता) उतरवली आणि कॉइल फार हळू नेऊ लागलो. घोगरा सूर आणि टिपका यांच्यात बोटभर अंतर उघडले. आकडा अजूनही डळमळत होता, परंतु कडा नेमक्या तुटत होत्या, आणि आकडा व कान यांचे पटत नसेल, तर अशा जागी मी कानाचे ऐकतो.

आधी मी फक्त खिळा काढला. मग खड्ड्यावरून पुन्हा कॉइल नेली, आणि दोन्ही दिशांनी तोच आखूड, भरीव आवाज आला. माती आणखी उकरण्यापूर्वी मी हेडफोन थोरलीच्या कानांवर ठेवला व धाकटीला तिची अंगठी बाजूच्या स्वच्छ जागी ठेवायला सांगितले. कॉइल आधी एकीवरून, मग दुसरीवरून नेली. ‘‘दोन्ही एकच आहेत हो,’’ थोरली म्हणाली आणि खाली बसली. अंगठी चार बोटे खोल, खिळा होता तेथून जेमतेम बोटभर बाजूला, उभी रुतलेली होती. उभ्या वेढ्याचा आवाज आडव्यापेक्षा पुष्कळदा क्षीण येतो, त्यामुळे खिळ्याने तो इतका झाकून टाकला होता. खड्डा बुजवून मी निघालेला सगळा कचरा आणि खुंट्यांच्या जागांचा आराखडा मैदानाची देखभाल करणाऱ्यांकडे सोपवला.