तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसणाऱ्याचा पत्ता

दीर्घिकांच्या समूहांवर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न हमखास येतो. "डार्क मॅटर दिसतच नाही म्हणता, मग ते कुठे किती आहे, हे कुठल्या तोंडाने सांगता?" टोमणा असतो, पण प्रश्न रास्त आहे.

मी गॅसपासून सुरुवात करतो. समूहात शेकडो दीर्घिका असल्या, तरी त्यांतले सगळे तारे मिळून वस्तुमानाचे जेमतेम दोन-चार टक्के भरतात. दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत पसरलेला गॅस त्याच्या कितीतरी पट, दहा-पंधरा टक्के. उरलेलं सगळं न दिसणारं, म्हणजेच डार्क मॅटर. गॅस काही कोटी अंश तापलेला असतो, म्हणून तो क्ष-किरणांत चमकतो. तरी त्यात हात घातला तर भाजणार नाही, कारण एका घनमीटरात हजारभर कण, ऐन मध्याशी फार तर लाखभर. (हाताचे हाल निर्वातामुळे होतील, ते वेगळं.)

इतका तापलेला गॅस खरं तर कधीच उडून जायला हवा होता. त्याला धरून ठेवायला दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणाची ओढ पुरत नाही. त्याचं तापमान आणि दाटी केंद्रापासून कशी उतरत जाते हे मोजलं, की कुठल्या अंतराच्या आत किती वस्तुमान हवं ते निघतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने 1933 मध्ये कोमा समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून असाच हिशेब मांडला होता. तेव्हा या गॅसचा कुणाला पत्ताही नव्हता.

मोजणं मात्र किचकट. अवकाशातल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीची नोंद पडद्यावर उघडली की आधी नुसते ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एक फोटॉन, प्रकाशाचा एक कण; त्याची जागा, वेळ आणि ऊर्जा टिपलेली. समूहाच्या कडेला ठिपके इतके विरळ होतात की त्यातला समूहाचा कुठला आणि इकडचा-तिकडचा कुठला, हे ठरवण्यातच आठवडे जातात.

गॅस आणि डार्क मॅटर, दोघं राहतात गुरुत्वाकर्षणाच्या एकाच खड्ड्यात, पण वेगवेगळ्या रीतीने. डार्क मॅटरचे कण एकमेकांना अडवत नाहीत, त्यामुळे मध्याकडे त्यांची दाटी वाढतच जाते. गॅसला स्वतःचा दाब असतो, तो तितका गोळा होत नाही. म्हणून बाहेर जावं तसा गॅसचा वाटा वाढतो, आणि त्याचा आकारही डार्क मॅटरपेक्षा गोलसर असतो.

यावरही कुणाचं समाधान झालं नाही, तर मी बुलेट क्लस्टर काढतो. तिथे दोन समूह एकमेकांतून आरपार गेले. गॅस गॅसवर आदळून मागे रेंगाळला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. मागच्या दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वस्तुमानाच्या ओढीने किती वाकतो, यावरून वस्तुमानाचा नकाशा काढला, तर बहुतेक वस्तुमान गॅसपाशी नव्हतंच, दीर्घिकांसोबत पुढे गेलेलं होतं. 2006 मधलं ते चित्र दाखवलं की सभागृह जरा वेळ गप्प होतं.

मग मागून कुणीतरी विचारतं, "म्हणजे कायमची फारकत?" नाही हो. ओढ तुटलेली नाही. गॅस सावकाश पुन्हा त्याच खड्ड्यात उतरेल.