आवाज कसा करतीय?

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा दरवर्षी गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग तेवढ्याच चौघांत त्याच जागी भरते. माझ्या गाडीचं बोनेट उघडलं की मात्र दोन मिनिटांत कोरम पूर्ण.

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना तिच्यावर पद्मिनी असं नाव होतं, पण सांगलीत तिला फियाटशिवाय दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, थंड इंजिन सुरू करताना ओढायचा चोकचा खटका डॅशबोर्डखाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची होऊन रस्त्यावरून उतरली, तेव्हा दोन नातेवाइकांनी मला फोन करून सांत्वनपर विचारपूस केली होती. आमची खाजगी असल्यामुळे दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन पुन्हा कागद करून घेते आणि चालते. यंदा मार्चमध्ये त्यासाठीच तिला नवा रंग दिला. क्रीम. बाहेरून, आतून, बोनेटखालूनसुद्धा. पेंटरला मी बजावून सांगितलं होतं, एक कोपरा सुटता कामा नये.

जुलैत एका सकाळी चावी फिरवली आणि गाडी म्हणाली, कट्.

पुन्हा फिरवली. कट्. पाचव्या वेळी काय मनात आलं तिच्या, एकदम सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पाचव्यांदाही नाही. मी बोनेट उघडलं आणि सभेला सुरुवात झाली.

बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, ‘बॅटरी.’ हे त्यांनी गाडीकडे न बघता सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं म्हणणं, हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांची रबरं खातं, पाणी धरतं. त्यात तथ्य आहेच. आपल्याच जिल्ह्यातला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो आणि आपलंच पंपाचं रबर खातो, ही कल्पना मला इतकी आवडली की मी तासभर तिच्यावर विश्वास ठेवला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पिशवी घेऊन भाजीला निघाल्या होत्या. त्या जाता जाता म्हणाल्या, ‘रंग दिल्यापासून बघतेय, एकदा तरी लिंबू-मिरची बांधलीत का? दृष्ट लागलीय.’ त्यावर सगळे हसले. मीही हसलो.

बॅटरी नवी आणली. पाच हजारांच्या वर गेले. चावी फिरवली. कट्. मग हौसेनं प्लग काढून पुसले, पॉइंट घासले, गॅप बघितली. कट्.

शेवटी मिरजेला चाचांना फोन लावला. सत्तरी ओलांडलेले मिस्त्री. वडिलांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्या हाताखालची. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर पॉलिश पेपर फिरवून, कान लावून, पुन्हा फिरवून जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढत बसणारी माणसं त्या गावात आजही भेटतात. चाचांचा वाद्यांशी काडीचा संबंध नाही, पण गावच्या पाण्यात काहीतरी असणार.

मी सांगितलं, ‘चाचा, सेल्फ गेलाय बहुतेक. बॅटरी तर नवी आहे.’ सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिनला फिरवून सुरू करणारी विजेची मोटर.

‘काय गेलंय ते मी बघतो सर. आवाज कसा करतीय तेवढं सांगा.’

‘कट् करते.’

‘एकदाच का कट्कट्कट्कट्?’

‘एकदाच.’

‘करून दाखवा.’

‘गाडी?’

‘आवाज.’

मी पार्किंगमध्ये उभा राहून, फोन तोंडाशी धरून, शक्य तितका हुबेहूब कट् केला. वॉचमननं वळून बघितलं. चाचा म्हणाले, ‘जरा जड करा.’ मी जरा जड केला.

या एका प्रश्नावर चाचांचा सगळा धंदा उभा आहे. ‘गाडी सुरू होत नाही’ या वाक्याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नाही, कारण त्यात दोन वेगळी दुखणी एकत्र झोपलेली असतात. सेल्फच घेत नाही, हे एक. सेल्फ घेते, इंजिन फिरतं, पण पकडत नाही, हे दुसरं. कुंईऽ कुंईऽ कुंईऽ असं इंजिन बरं फिरत असेल तर बॅटरी-सेल्फच्या नादी लागायचं नाही. प्लगला करंट येतो का आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येतं का, एवढंच बघायचं. इथेनॉलवाल्याचं म्हणणं या खोलीतलं. माझी गाडी या खोलीपर्यंत पोचतच नव्हती.

पहिल्या दुखण्यातही पोटभेद आहेत. कट्कट्कट्कट्, शिवणयंत्रासारखं, म्हणजे बॅटरी उतरलेली: आतलं लोहचुंबक ओढायला जातं, जोर पडताच व्होल्टेज बसतं, ते सुटतं, पुन्हा ओढतं. हूंऽऽऽ, रिकामा मिक्सर फिरावा तसं, म्हणजे सेल्फ फिरतोय पण त्याचं दातेरी चाक फ्लायव्हीलला जाऊन भिडत नाही. कुंऽऽई... कुंऽऽऽ असं रडकं फिरलं तर बॅटरी म्हातारी, नाहीतर ताराच गंजल्यात. आणि एकदाच कट् होऊन सामसूम म्हणजे, चाचांच्या शब्दांत, ‘हुकूम पोचला, माल न्हाई पोचला.’

जुने डॉक्टर असंच विचारायचे. पोट दुखतं म्हणजे कसं दुखतं, कळ येते की चमक मारते, ठणकतं की नुसतं भरून आल्यासारखं वाटतं? आपण मात्र हल्ली दवाखान्यात जातानाच ॲसिडिटी झालीय म्हणून सांगतो. मी चाचांना तेच करत होतो. तीस वर्षं मराठी शिकवून, वर्णन विचारलं की निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलांचे मार्क कापून, मी स्वतः सेल्फ गेलाय म्हणत होतो.

‘आता हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट मंद होतो का बघा.’

मंद झाला नाही. झगझगीत होता तसाच.

चाचा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘आणखी चारदा मारा, आणि चोकच्या केबलला हात लावून बघा. हळू लावा.’

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल. चोकचा आणि सेल्फचा काय संबंध? तरी चारदा मारला, उतरलो, बोनेटखाली केबलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तव्यावरून उतरवलेल्या उलथन्यासारखी गरम!

फोनमधून चाचा हसल्याचं ऐकू आलं. ‘सर, तुमच्या गाडीला अर्थच न्हाई.’

दुपारी ते स्कूटरवरून आले, जुना मीटर घेऊन. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या वर जायला नको असतं. काटा साडेसहावर गेला. म्हणजे बॅटरीतला निम्मा जोर परतीच्या वाटेवरच खर्च होत होता.

हे परतीचं प्रकरण असं आहे. बॅटरीतून सेल्फला जाणारी जाड केबल सगळ्यांना दिसते. तो करंट परत यायलाही वाट लागते आणि त्यासाठी वेगळी तार नसते, गाडीचं लोखंड हीच वाट. पण इंजिन बसवलेलं असतं रबरावर, नाहीतर गाडीभर हादरे बसतील. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक पट्टी जोडतात, तांब्याच्या बारीक तारांची, वेणीसारखी विणलेली. अर्थची पट्टी. दोन्ही हेडलाइटना मिळून दहा अँपिअरच्या आसपास लागतात आणि ते थेट बॉडीवरून परत जातात, त्यामुळे लाइट झगझगीत. सेल्फला लागतात शंभराच्या वर. पट्टी बंद पडली की तो लोंढा मिळेल त्या बोळातून घुसतो. माझ्या गाडीत त्याला इंजिनावरच्या कार्बोरेटरपासून डॅशबोर्डापर्यंत जाणारी चोकची केबल सापडली होती. सुतळीएवढ्या तारेतून सेल्फचा करंट! तापणार नाही तर काय.

चाचांनी तेराचा पाना घातला, बोल्ट सोडवला आणि पट्टीचं टोक बाजूला करून मला बोलावलं. ‘या, बघा.’

पट्टी शाबूत होती. टोकावर हिरवट बुरशी चढली होती, पण ते काही मोठं नव्हतं. पट्टी जिथे बॉडीला टेकते, तिथे बोल्टाभोवती रुपयाएवढा, गुळगुळीत, एकसारखा क्रीम रंग होता. पेंटरनं पट्टी काढून, खालीसुद्धा हात मारून, वाळल्यावर पुन्हा बसवली होती. एक कोपरा सुटलेला नव्हता. बोल्टाच्या आट्यांतून जेवढं लोखंड लोखंडाला भिडत होतं त्यावर चार महिने निघाले. पावसाळ्यात तेही गंजलं.

‘पेंटरनं काम चोख केलंय,’ चाचा म्हणाले. मी मान खाली घालून पॉलिश पेपरचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

रंग खरवडून निघायला दहा मिनिटं लागली. खालून लोखंड पांढरंशुभ्र चकाकलं, तेव्हा त्यांनी पट्टी बसवली, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचं बोट फिरवलं. मी चावी फिरवली. कुंई-कुंई-ढुर्रर्र. चाचांनी बोनेटवर कान लावल्यासारखी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि ‘हां’ म्हणाले. चहा घेतला, पैशाचं काढल्यावर ‘बॅटरीवाल्याला दिलेत की’ म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी बँकेवाले काका फिरायला निघाले होते. ‘काय निघालं शेवटी?’

‘अर्थिंग.’

‘म्हणजे बॅटरीचंच!’

मी हो म्हणालो. परतीच्या वाटेचं सगळं समजावून सांगायला बसलो असतो तर त्यांचं फिरणं राहिलं असतं.

वहिनींनी काहीच विचारलं नाही. सकाळी खाली आलो तर पुढच्या बंपरला लिंबू आणि सात मिरच्या, तारेत ओवून बांधलेल्या. मी त्या सोडल्या नाहीत. खाली वाकून तार बंपरच्या लोखंडाला नीट टेकलीय का तेवढं बघितलं आणि गाडी काढली.