डब्लिनचा सिटी की धक्का आणि 'आयरिश पाइन'ची 33 माणसं

डब्लिनमधल्या चार दिवसांतली एक सकाळ मी फक्त 'आयरिश पाइन' या बुडालेल्या बोटीसाठी राखून ठेवली होती. टारा स्ट्रीट स्टेशनवर उतरायचं आणि लिफी नदीच्या दक्षिण काठाने समुद्राच्या दिशेला चालायला लागायचं. थोड्याच वेळात सिटी की धक्का लागतो. दोर ओढणाऱ्या गोदी कामगाराच्या पुतळ्यापाशी फोटो काढून बहुतेक जण पुढे जातात. तुम्ही मात्र मोठ्या नांगराचं स्मारक शोधा. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आयरिश खलाशांचं ते स्मारक आहे.

आयर्लंड त्या युद्धात तटस्थ होता. व्यापारी जहाजांच्या दोन्ही अंगांवर आयरिश झेंडा आणि देशाचं नाव ठळक रंगवलेलं असायचं. इतर जहाजं अंधारात लपतछपत जात, ही मात्र रात्री दिवे लावून जात. आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, हे दुरूनच कळावं म्हणून. 'आयरिश पाइन' ही अमेरिकेकडून भाड्याने घेतलेली जुनी आगबोट. नोव्हेंबर 1942 मध्ये अमेरिकेकडे जाताना यू-608 या जर्मन पाणबुडीने ती बुडवली. 33 जण होते, एकही परतला नाही. घरच्यांना एवढंच समजलं की बोट पोचली नाही. तिचं काय झालं ते युद्धानंतर जर्मन नोंदींतून उलगडलं. स्मारकापाशी उभी असताना मला सारखं त्या वाट बघणाऱ्या घरांचंच आठवत राहिलं.

सहा महिन्यांनी, 15 मे 1943 रोजी, खताचं फॉस्फेट घेऊन येणारी 'आयरिश ओक'ही बुडवली गेली. तिचे खलाशी मात्र सगळे वाचले, 'आयरिश प्लेन' ही दुसरी आयरिश बोट मदतीला धावून आली म्हणून.

नदीवरचा वारा बोचरा असतो; छत्री उलटी होते, टोपीचा रेनकोटच न्या. बस-रेल्वेच्या प्रवासासाठी लीप कार्ड घ्या, रोख तिकिटापेक्षा स्वस्त पडतं. नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर तिसरा रविवार धरा, त्या दिवशी स्मरणाचा कार्यक्रम असतो.

दुपारी डार्ट रेल्वेने डन लीरीला जा. पाटीवरचं स्पेलिंग या उच्चारापासून फार लांबचं आहे, तेव्हा नकाशात आधीच बघून ठेवा. तिथल्या जुन्या चर्चमध्ये सागरी संग्रहालय आहे. ते स्वयंसेवक चालवतात, म्हणून वेळा तपासून निघा. त्यांना 'करलोग'बद्दल नक्की विचारा: दहा माणसांची एवढीशी आयरिश बोट, आणि डिसेंबर 1943 मध्ये तिने समुद्रातून 168 जर्मन नौसैनिक वर काढून कोव्ह बंदरात आणले.