खंजिरी

आमच्या पिकअपमध्ये प्रत्येक गाण्याला खंजिरी असायची. बाबा तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेले, त्यामुळे मोझरीची भजनं लावली की ती शोभूनही दिसायची. बाबा मधूनच म्हणत, "काहीतरी वाजून राह्यलं बे." मी म्हणायचो, "खंजिरी आहे बाबा." विषय संपायचा. पण एक दिवस आकाशवाणीच्या बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागेही खंजिरी वाजायला लागली, तेव्हा मी डावीकडच्या दाराला कान लावला. स्पीकरचा कागद कडेनं उसवला होता. गाडी सेकंडहँड, तेव्हा तो कधी उसवला ते देव जाणे.

वरुडात गाड्यांचे टेप-स्पीकर बसवणारा एक पोट्टा आहे. त्यानं पहिलाच प्रश्न असा विचारला की मी खूश झालो. "भाऊ, वरातीत वाजवाचं हाय का एकट्यानं आयकाचं?"

खरं तर पिकअप ही गाणं ऐकायची जागाच नव्हे. पुढे डिझेल इंजिन, मागे उघडा हौदा, मध्ये पत्र्याची खोली. संत्र्याचे क्रेट भरून पहाटे काटोलमार्गे कळमन्याच्या बाजाराला निघालं की इंजिनाची गुरगुर, टायरचा घोष आणि ताडपत्रीची फडफड असा सगळा मेळा आपल्यासोबत नागपूरला येतो. त्यावर लोकांचा उपाय एकच, आवाज वाढवा. मीही वाढवायचो. मग एका मोसमात जलालखेड्याच्या पुढे मागचा दोर सुटला, दोन क्रेट आंबिया बहाराची संत्री रस्त्याला वाहिली, आणि मी आत स्टिअरिंगवर ताल धरून बसलेला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं गाठून सांगितलं, तेही शिवी घालूनच.

म्हणून पोट्ट्याला म्हटलं, "आयकाचं. हळू लावलं तरी शब्द कळला पाह्यजे."

माझ्या टेपवर ठळक अक्षरांत 50 वॅट लिहिलेलं होतं. पोट्टा हसला. इंजिन सुरू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट असतात, स्पीकर 4 ओहमचा. 14 ला 14 नं गुणा, 4 नं भागा, 49. खोक्यावरचा आकडा असा येतो. न फाटता निघणारा आवाज मात्र अठरा-वीस वॅटचाच. त्याच्या वर गेलं की टेप दमतो, आवाजाची टोकं छाटली जातात, आणि आपण दोष देतो बिचाऱ्या गायकाला. अँप्लिफायर वेगळं काय करतो, तर गाडीचे 12-14 व्होल्ट आतल्या आत आधी चढवून घेतो. मी लगेच मोठ्या अँपवर बोट ठेवलं, तर तो म्हणाला वॅट दुप्पट केले तर 3 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतात. दुप्पट मोठं वाटायला दहापट वॅट लागतात. बाबा बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "तीनचा पंप काढून साडेसातचा बसवला म्हून विहिरीले पाणी वाढते का?" पोट्टा म्हणे, "काकाजी, तुमीच बसा दुकानात."

स्पीकर सहा इंची घेतले, अँप मध्यम, सीटखाली मावेल एवढा. पण अर्धा दिवस गेला तो दारात. पॅड काढल्यावर दिसलं की आतून दार म्हणजे नुसती चाळणी. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. ती भोकांतून पुढे आली की दोघी एकमेकींना मारतात. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांसारखं, वावर कोणाचंच पिकत नाही. गाण्यातला ठोका जातो तो तिथं. भोकं बंद केली, पत्र्यावर आतून जाड चिकट शीट दाबून बसवली. दार आपटून पाहिलं तर डब्याचा आवाज जाऊन कोठीच्या फळीसारखा भरीव आला. माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथंच. अँप वगैरे नंतरचं.

वायर थेट बॅटरीवरून आणली, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळच लावला. तो अँपजवळ लावून काय उपयोग? मधल्या रस्त्यात वायर घासून पत्र्याला टेकली तर जळायची ती वायरच.

सगळं जोडून गाडी सुरू केली आणि कुईंऽऽ असा सूर लागला. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढे, सोडला की उतरे. बाबा म्हणाले, "पुंगी हाय आता. खंजिरीपेक्षा बरी नाही." पोट्ट्याचं तोंड उतरलं. त्यानं गाण्याची वायर पॉवरच्या वायरीपासून काढून दुसऱ्या बाजूनं ओढली, तरी पुंगी होतीच. शेवटी अर्थिंगचा बोल्ट काढला तर खाली रंग शाबूत! सगळी गाडी लोखंडाची, आणि तार टेकवली ती रंगावर. कानशीनं घासून पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, पुंगी बंद. अल्टरनेटरचा सूर गाण्यात शिरत होता म्हणे.

परत येताना हौदा रिकामा होता. बाबांनी भजन लावायला सांगितलं. आवाज पहिल्याच्या निम्म्यावर होता तरी शब्द अन् शब्द कळत होता. खरी खंजिरी पहिल्यांदा ऐकू आली, थापेनंतर चकत्यांची झिणझिण वेगळी. पण तालाच्या मधेच, कुठेही न बसणारं, खट्ट. पुन्हा खट्ट.

गाडी बाजूला घेतली. टेप बंद केला, मागे गेलो. फाळक्याची कडी झिजून सैल झाली होती, आणि मागचा दोर आम्ही त्याच कडीला बांधायचो. ट्यूबचा तुकडा कापून तिच्यात घट्ट कोंबला.

बाबा खिडकीतून डोकं काढून बघत होते. "दोन वर्सापासून सांगून राह्यलो ना तुले, मांगं काहीतरी वाजते म्हून. तू म्हने खंजिरी."